धर्मसंकट आणि निर्णयाचा भार

कर्तव्य कोणते आणि अकर्तव्य कोणते हे बहुतेक प्रसंगी मनुष्याला ठाऊक असते. ठाऊक असूनही ते त्याच्या हातून घडत नाही, ही गोष्ट निराळी. तिचा विचार विकारांच्या संदर्भात करावयाचा असतो. परंतु काही प्रसंग असे येतात की दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे असते आणि एकाचे पालन करावे तर दुसऱ्याचा भंग होतो. अशा प्रसंगाला लोकभाषेत धर्मसंकट म्हणतात. शेतात, कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात काम करणाऱ्या वासनिकांना असे प्रसंग संन्याशांपेक्षा अधिक सोसावे लागतात. कारण संन्याशाने ज्या संबंधांचा त्याग केलेला असतो, त्या सर्व संबंधांच्या मध्यभागी वासनिक उभा असतो. तो पुत्र असतो, पिता असतो, नोकर असतो, शेजारी असतो आणि उपदेशीही असतो. आश्रमात दंडवताला आलेली अशी माणसे महंतांना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : दोन्हीकडून दोष लागत असेल तर करावे तरी काय? या प्रश्नाचा शास्त्राच्या आधारे विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ मानलेले आहेत. त्यांपैकी जीव हा बद्धमुक्त आहे. म्हणजे अनादी अविद्येने तो बद्ध असला तरी मोक्षाला पात्र आहे. या सिद्धांताचा आचाराशी निकटचा संबंध आहे. जीव अविद्यायुक्त आहे, याचा अर्थ त्याला परमेश्वर कळत नाही एवढ्यावरच संपत नाही. त्याला स्वतःचा हेतूही पुरता कळत नाही. लोभाला तो गरज म्हणतो, भीतीला सावधपणा म्हणतो आणि आसक्तीला प्रेम म्हणतो. म्हणून तो ज्याला धर्मसंकट म्हणतो ते खरोखर धर्मसंकट असेलच असे नाही. पुष्कळ वेळा एका बाजूला धर्म असतो आणि दुसऱ्या बाजूला केवळ गैरसोय असते. त्या गैरसोयीला धर्माचे नाव दिले की संकट तयार होते. कागद पुढे सरकविण्यासाठी पैसे घेणारा कारकून मुलांच्या शिक्षणाचे कर्तव्य पुढे करतो. भावाचा वाटा दाबून ठेवणारा मनुष्य वडिलांचे घर राखण्याचे कर्तव्य सांगतो. अशा प्रसंगी परीक्षा सोपी आहे. या निर्णयातून स्वतःला मिळणारा लाभ वजा करून पाहावा. लाभ वजा केल्याबरोबर संकटही नाहीसे झाले, तर ते धर्मसंकट नव्हते. आसक्तीनेच ते रूप घेतले होते. लाभ वजा करूनही प्रश्न शिल्लक राहिला, तरच पुढील विचाराला स्थान आहे.

खऱ्या धर्मसंकटाचे एक ठळक उदाहरण महाभारताच्या कर्णपर्वात आले आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला होता. त्याच्या समाचाराला श्रीकृष्ण आणि अर्जुन आले, तेव्हा कर्णाचा वध करूनच ते आले असावेत असे त्याला वाटले. तसे झालेले नाही हे समजताच त्याने अर्जुनाची कठोर निर्भर्त्सना केली आणि गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक, असे तो बोलून गेला. असे शब्द जो उच्चारील त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची पूर्वीपासून प्रतिज्ञा होती. त्याने तत्काळ खड्ग उपसले. एका बाजूला सत्यप्रतिज्ञा आणि दुसऱ्या बाजूला पितृतुल्य ज्येष्ठ बंधूचे प्राण, असा तो पेच होता. अर्जुनाला येथे कोणताही लाभ साधावयाचा नव्हता. म्हणून वर सांगितलेल्या परीक्षेत हे संकट खरे ठरते.

त्या वेळी श्रीकृष्णांनी त्याला थांबविले आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली. सदैव खरेच बोलण्याचे कौशिकाचे व्रत होते. दस्यूंच्या भयाने पळालेले काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या वनात लपले. मागून आलेल्या दस्यूंनी त्यास विचारले आणि त्याने व्रताला जागून त्यांची वाट दाखविली. लोक मारले गेले. कौशिकाचे वाक्य अक्षरशः खरे होते. तथापि त्याला अधोगती प्राप्त झाली.

या कथेवरून सत्याला काही किंमत नाही, असा अर्थ काढणारे भेटतात. तो अर्थ बरोबर नाही. श्रीकृष्णांनी अर्जुनाला प्रतिज्ञा सोडून दे असेही सांगितले नाही. वडीलधाऱ्याला 'तू' असे अवमानाने संबोधणे हाच त्याचा वध होय, असे सांगून त्यांनी प्रतिज्ञेची वाट मोकळी केली. पुढे ज्येष्ठ बंधूचा अवमान केल्याच्या दुःखाने अर्जुन आत्मघाताला प्रवृत्त झाला, तेव्हा आत्मस्तुती हाच आत्मघात होय, असे म्हणून तोही मार्ग त्यांनी बंद केला. प्रतिज्ञा आणि प्राण या दोहोंचाही मान राखला गेला. फक्त त्याची किंमत अर्जुनाने स्वतः दिली. ज्या भावाला जन्मभर वंदन केले त्याला तोंडावर कठोर बोलण्याची आणि शूराला न शोभणारी आत्मप्रशंसा करण्याची लाज त्याला पत्करावी लागली.

येथे कौशिक आणि अर्जुन यांच्यातील भेद नीट ध्यानात घ्यावा. कौशिकाचे व्रत अभंग राहिले, परंतु त्या व्रताचे मोल वनात लपलेल्या लोकांनी आपल्या प्राणांनी चुकविले. पुण्य आपल्या नावे आणि खर्च दुसऱ्याच्या नावे, असा तो व्यवहार होता. अर्जुनाच्या हातूनही क्षणभर तेच होऊ घातले होते. प्रतिज्ञापालनाची कीर्ती त्याला मिळाली असती आणि प्राण युधिष्ठिराचे गेले असते. श्रीकृष्णांनी खर्चाची दिशा बदलली. धर्मसंकटाच्या विचारात पहिला प्रश्न 'कोणते तत्त्व श्रेष्ठ?' असा विचारला जातो, आणि त्यावर पंडितांचे वाद संपत नाहीत. त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे : या निर्णयाचा भार कोणाच्या मस्तकावर पडणार आहे, आणि तो वाहण्यास त्याने होकार दिला आहे काय?

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला एक ससा धावत येऊन सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला. मागून पारधी आले. हा पैजेचा ससा आहे, तो सोडावा, अशी त्यांनी विनंती केली. स्वामींनी ससा येथे नाही असे सांगितले नाही, आणि तो त्यांच्या स्वाधीनही केला नाही. शरण आलेल्याला मरण कसे येईल, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. रानातील पाला खाऊन राहणाऱ्या या निरपराध जीवांना का मारावे, असे पारध्यांनाच विचारले. पारध्यांच्या अंतःकरणात पालट झाला आणि ते शस्त्र टाकून निघाले. मग स्वामींनी मांडी उचलून सशाला मोकळे केले.

कौशिकापुढचा प्रश्न आणि या लीळेतील प्रश्न एकाच जातीचा आहे. मारणारा विचारतो आहे आणि मरणारा जवळ लपलेला आहे. कौशिकाला सत्य बोलणे आणि असत्य बोलणे हे दोनच मार्ग दिसले. स्वामींनी तिसरा मार्ग दाखविला. असत्याचा आधार न घेता आणि हिंसेला वाव न देता, मारणारा व मरणारा यांच्यामध्ये ते स्वतः बसून राहिले. मध्ये बसणे याचा अर्थ येणारा प्रहार प्रथम आपल्यावर घेण्याची तयारी असणे होय. परमेश्वरावताराची बरोबरी जीवाने करू नये हे खरे. परंतु जीवाला अनुसरता यावा म्हणूनच परमेश्वर आचरून दाखवितो. धर्मसंकटात सापडलेल्या मनुष्याला तिसरा मार्ग दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा असे असते की त्या मार्गावर त्याला स्वतःलाच उभे राहावे लागणार असते.

आता हा विचार नित्याच्या व्यवहारात लावून पाहावा. वऱ्हाडातील कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारी करणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो. ८ ते १२ टक्के ओलावा असल्यास त्या प्रमाणात दर कापला जातो. १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलाव्याचा कापूस स्वीकारला जात नाही. हा नियम निरर्थक नाही. ओल्या कापसाच्या गाठी तापतात, रुई पिवळी पडते, सरकी खराब होते. अशा केंद्रावर त्याच कर्मचाऱ्याच्या गावचा, त्याच्याच सत्संगातील एक शेतकरी गाडी घेऊन येतो. दोन रात्री तो रांगेत थांबलेला आहे. ट्रॅक्टरचे भाडे चढते आहे. घरी मुलीचे लग्न आहे आणि सावकाराने मुदत दिलेली आहे. यंत्र १४ चा आकडा दाखविते. शेतकरी हात जोडून म्हणतो, "दादा, तुम्ही उपदेशी, आम्हीही उपदेशी. एक आकडा तर खाली लिहायचा आहे."

येथे दया हे कर्तव्य आहे आणि खरी नोंद करणे हेही कर्तव्य आहे. कर्मचाऱ्याला यात काही मिळावयाचे नाही, असेच धरून चालू. मग दया श्रेष्ठ की प्रामाणिकपणा श्रेष्ठ? हा प्रश्न या रूपात सुटणार नाही. भार कोणावर, असे विचारताच दिसू लागते की त्या गाडीच्या मागे आणखी वीस गाड्या आहेत. त्यांपैकी एका शेतकऱ्याने आपला कापूस तीन दिवस अंगणात पसरून वाळविला आहे. वाळविण्यात वजन घटले, तेवढे पैसे त्याचे कमी झाले. तरी नियम आहे म्हणून त्याने ते सोसले. तो कोणाचा नातलग नाही आणि तो काही मागतही नाही. आकडा खोटा लिहिला तर ती दया त्या मुक्या मनुष्याच्या आणि सार्वजनिक कोठाराच्या खर्चाने केलेली होईल. भिक्षूच्या झोळीत जे पडले असेल त्यातलेच तो दुसऱ्याला देऊ शकतो. परक्याच्या कणगीतून उचलून दिले तर त्याला दान म्हणत नाहीत.

याचा अर्थ कर्मचाऱ्याने यंत्राकडे बोट दाखवून पाठ फिरवावी असा मुळीच नाही. तसे करणे ही कौशिकाचीच रीत होय. आकडा खरा लिहावा आणि दयेचे मोल आपल्या झोळीतून द्यावे. कापूस आवारात पसरून वाळविण्याची सोय पाहावी. त्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकावा. ट्रॅक्टरच्या एका दिवसाच्या भाड्याची आपल्या पगारातून मदत करावी. सायंकाळी सावकाराकडे त्याच्याबरोबर जाऊन मुदत वाढवून मागावी. यांतले प्रत्येक काम एक आकडा बदलण्यापेक्षा कष्टाचे आहे. पेनाच्या एका फटकाऱ्याने होणारी दया सोपी वाटते, कारण तिचे बिल दुसऱ्याच्या दारी जाते.

घरातील धर्मसंकटाचे स्वरूप याहून नाजूक असते. वृद्ध आईला असाध्य व्याधी झाल्याचे डॉक्टरांनी मुलांना सांगितले आहे. आई विचारते, "मला काय झाले आहे?" खरे सांगावे तर तिचे मन खचेल, खोटे सांगावे तर सत्याचा भंग होईल. बहुतेक घरांत या वेळी खोटे सांगितले जाते आणि त्याला प्रेम असे नाव दिले जाते. त्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि भार कोणावर पडला, हा प्रश्न येथेही विचारला पाहिजे. सत्य न सांगितल्यामुळे मुलांचे एक अवघड काम टळते. आईच्या डोळ्यांतील भीतीकडे पाहत बसण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. आईचे मात्र काय होते? तिच्याजवळचे थोडे दिवस तिच्या नकळत निघून जातात. उपदेशी स्त्रीच्या दृष्टीने ते दिवस अमोल असतात. तिला नामस्मरण वाढवावयाचे असेल, झाल्या चुकांचा अनुशोच करावयाचा असेल, ज्या जावेशी बोलणे तुटले तिला बोलावून घ्यावयाचे असेल, अंगात बळ आहे तोवर ऋद्धपुरी जाऊन स्थानवंदन करावयाचे असेल. अंतकाळ जवळ आला हे ज्याला कळले त्यालाच अंतकाळाची तयारी करता येते. प्रेमाच्या नावाखाली ही तयारी हिरावून घेण्याचा अधिकार मुलांना कोणी दिला?

म्हणून एकदम सर्व सांगून मोकळे व्हावे, असेही नाही. काही जण सत्याचे ओझे आपल्या मनावरून उतरविण्यासाठी ते रुग्णाच्या अंगावर टाकतात. तेथेही भार ढकलण्याचाच प्रकार होतो. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांसाठी जे आचारनियम केले, त्यांत रोगाचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. मुलांनीही हेच धोरण ठेवावे. आईला किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी तिलाच विचारावे. ती जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे. जे विचारणार नाही ते लादू नये. आणि सांगितल्यानंतर उठून जाऊ नये. रात्री तिच्या उशाशी बसून राहणे हाच येथला तिसरा मार्ग आहे, आणि या मार्गावरही मुलांना स्वतःलाच बसावे लागते.

येथे एक पूर्वपक्ष उपस्थित होतो. संन्याशाने सर्व भार स्वतःवर घ्यावा हे ठीक. त्याच्या मागे कोणी नाही. परंतु गृहस्थाने स्वतःवर भार घेतला म्हणजे तो त्याच्या एकट्यावर कोठे राहतो? सार्वजनिक बांधकामावर नेमलेल्या कनिष्ठ अभियंत्याला वरिष्ठ सांगतात की मोजमाप पुस्तकात न झालेले काम झाले म्हणून लिही. त्याने नकार दिला तर बदली होईल, चौकशी लागेल, कदाचित नोकरी जाईल. म्हातारे आईवडील, पत्नी आणि शिकणारी मुले यांच्यावर त्याचा परिणाम होईल. मग तोही कौशिकासारखाच आपल्या सचोटीचा खर्च दुसऱ्यांच्या नावे टाकीत नाही काय?

हा आक्षेप पोकळ नाही, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा की दोन भारांचे वजन करताना दोन्ही पारडी पूर्ण भरावी लागतात. न बांधलेला पूल बांधला म्हणून लिहिला तर त्यावरून जाणाऱ्या माणसांचे प्राण दुसऱ्या पारड्यात असतात. ती माणसे अनोळखी आहेत म्हणून त्यांचे वजन कमी होत नाही. दुसरा भाग असा की घरच्यांवर भार पडणार असेल तर तो त्यांना विचारून पडावा. कौशिकाचा खरा दोष येथेच होता. ज्यांचे प्राण जाणार होते त्यांना त्याने विचारले नव्हते. अभियंत्याने रात्री घरी बसून पत्नीला सर्व सांगावे. काय होऊ शकते हे लपवू नये. तिचे म्हणणे ऐकावे. पुष्कळ पुरुषांना वाटते की घरच्यांसाठी आपण वाकलो. घरच्यांना कोणी विचारलेलेच नसते. विचारले असते तर कित्येक घरांतून "वाकू नका, कमी पैशांत भागवू" असेच उत्तर आले असते. होकाराने वाहिलेला भार आणि न विचारता लादलेला भार यांत, वजन सारखे असले तरी, धर्मदृष्ट्या मोठे अंतर आहे. आणि घरातून नकार आला तर? तरीही खोटी नोंद करण्याची मुभा मिळत नाही. मात्र बदली मागून घेणे, ते काम सोडणे, दुसरी नोकरी शोधणे, असे मार्ग दोघांनी मिळून धुंडाळता येतात.

या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे. सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले स्थापत्य अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुर्भुज प्रकल्पाच्या झारखंडमधील कामावर होते. कामातील गैरव्यवहार पाहून त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासह पुढील कार्यालयांकडे गेले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपासात तो लुटीचा प्रकार असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. हत्येचे कारण काय, हा न्यायालयाचा विषय होय. नीतीच्या दृष्टीने विचार करावयाचा प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे. एका मनुष्याने भार उचलला आणि त्यातील एवढाच अंश दुसऱ्यांनी वाहावा असे मागितले की माझे नाव झाका. तेवढेही झाले नाही. ज्या ज्या मेजावरून तो कागद गेला, तेथील कोणाच्या मनात पाप होते असे म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपले ठरलेले काम केले असेल आणि कागद पुढे सरकविला असेल. परंतु आपल्या मेजावर शरणागत आला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्या घटनेनंतर २००४ मध्ये शासनाने अशा तक्रारी स्वीकारण्याचे आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. २०१४ मध्ये संसदेने याविषयी कायदाही संमत केला. कायदा हवाच. परंतु ससा मांडीखाली शिरतो तेव्हा बसलेला मनुष्य मांडी उचलतो की तशीच ठेवतो, हे शेवटी त्या मनुष्यावर अवलंबून असते. कचेरीतील धर्मसंकटाचा विचार करताना बहुधा खरे बोलणाऱ्याच्याच कर्तव्याची चर्चा होते. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे, त्याचे पत्र उघडणाऱ्याचे, त्याच्याविषयी दुपारच्या डब्याच्या वेळी चाललेली कुजबूज ऐकणाऱ्याचेही कर्तव्य असते. भार वाटून घेणारी चार माणसे मिळाली तर पुष्कळ धर्मसंकटे संकटे राहत नाहीत.

भार कोणावर पडतो, हे पाहण्याची ही दृष्टी पंथाच्या परंपरेत रुजलेली आहे. स्मृतिस्थळात आचार्य नागदेवांचा एक प्रसंग आहे. केशवराज हे संस्कृतात निष्णात. त्यांनी शास्त्रविषयक रचना संस्कृतात करण्याचे योजिले. तसे झाले असते तर विद्वानांच्या सभेत पंथाचा मान वाढला असता, हे उघड आहे. आणि मान वाढणे हे काही पाप नव्हे. तरी आचार्यांनी त्यांना थांबविले. स्वामींचा जो सामान्य परिवार, ज्या भोळ्याभाबड्या स्त्रिया, त्यांना संस्कृत कळणार नाही आणि त्या वंचित राहतील, असे कारण त्यांनी दिले. पांडित्याचा लाभ पंडितांना होणार होता आणि त्याचा खर्च म्हाताऱ्या बायांच्या वाट्याला येणार होता. त्या बाया त्या चर्चेत उपस्थितही नसतील. आचार्यांनी अनुपस्थितांच्या वतीने निर्णय दिला, आणि मराठी भाषेवर त्याचे उपकार आजही आहेत.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतका विचार करूनही असे प्रसंग येतात की भार दुसऱ्यावर पडल्यावाचून राहत नाही. आजारी आई गावी आणि नोकरी शहरात. आईजवळ राहावे तर मुलांचे अन्न तुटते, शहरात राहावे तर आई एकटी पडते. दोघांनाही विचारले, सर्व मार्ग पाहिले, तरी कोणाला तरी सोसावेच लागते. अशा वेळी निर्णय घ्यावा. न घेणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचा भार नेहमी दुर्बलावर पडतो. परंतु निर्णय योग्य ठरला म्हणून मन निर्धास्त करू नये. भावाला कठोर बोलणे हाच त्या प्रसंगी योग्य मार्ग होता, तरीही अर्जुनाला दुःख झाले. ते दुःख हे त्याच्या धर्मबुद्धीचे लक्षण होते. पंथात अनुशोचाला जे स्थान आहे त्याचे मर्म येथे दिसते. अनुशोच म्हणजे नुसते हळहळणे नव्हे. आपल्यामुळे ज्याला सोसावे लागले त्याला न विसरणे, परमेश्वरापुढे ते दुःख करणे, आणि जेवढे भरून देता येईल तेवढे भरून देत राहणे. शहरातला मुलगा रोज सायंकाळी आईशी बोलतो, महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने जातो आणि तिचे पाय दाबून परततो. आईचे एकटेपण त्याने मिटत नाही. मात्र त्या एकटेपणाचे काही ओझे आता मुलगाही वाहतो.

विवेक, होकार आणि अनुशोच या तिहींच्या साह्याने वासनिकाला आपल्या संकटांतून चालता येते. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, आणि तो ग्रंथ न वाचलेल्यालाही विचारता येतो. सही करण्यापूर्वी, शब्द देण्यापूर्वी, गप्प राहण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे : याचे मोल देणारा मनुष्य या खोलीत आहे काय? नसेल तर त्याच्या जागी आधी स्वतः उभे राहून पाहावे, आणि मगच लेखणी उचलावी.